भैयासाहेबांच्या मोटारीची गळती

भैयासाहेबांची मोटार दसऱ्यापासून गळू लागली, याबद्दल धारमध्ये दुमत नव्हतं. का गळू लागली, याबद्दल मात्र ज्याला जीभ होती त्याला मत होतं. दसऱ्याच्या मिरवणुकीत मोटार सीमोल्लंघनाला गेली होती आणि तिथे तिला दृष्ट लागली, हे बहुमत. मोटार मुळात फ्रेंच, त्यात दहा वर्षांची, आणि महूच्या छावणीतल्या एका गोऱ्या कप्तानानं विलायतेला परत जाताना विकलेली. चांगली असती तर त्यानं विकली कशाला असती, असं अल्पमत होतं.

चिंतामणी मास्तरांना मत नव्हतं. ते संस्थानच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. पुरेशी माहिती हाती येईपर्यंत मत बनवायचं नाही, असं त्यांनी चोविसाव्या वर्षी ठरवलं होतं आणि आता एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत ते पाळलंही होतं. त्यामुळे गावात त्यांना जरा मंद समजत.

भैयासाहेबांनी त्यांना बोलावून घेतलं तेव्हा ओसरीवर मानसिंगराव पान जमवत बसले होते. मानसिंगराव फरासखान्याचे अंमलदार, म्हणजे संस्थानचे सगळे तंबू, शामियाने आणि सतरंज्या त्यांच्या ताब्यात.

"मास्तर," भैयासाहेब म्हणाले, "तुम्ही त्या कोपऱ्यातल्या खोलीत पोरांना काय शिकवता?"

"पदार्थविज्ञान."

"मग पेट्रोल हा पदार्थच की."

पेट्रोल पदार्थ होता, हे मास्तरांना मान्य करावं लागलं.

"यंदा पावसात माझे सहा शामियाने भिजले," मानसिंगराव पानाला चुना लावत म्हणाले. "खोली कोरडी आहे तुमची. आत आहे काय? एक तराजू आणि तीन काचेच्या नळ्या."

"चार," मास्तर म्हणाले.

"ऐका मास्तर," भैयासाहेब म्हणाले. शाळेच्या कमिटीत त्यांचा शब्द चाले. "कार्तिक वद्य पंचमीला आमच्या लतिकेचा साखरपुडा आहे, देवासला. व्याह्यांकडे स्वतःची मोटार आहे. मी काही तिथे बैलांच्या दमणीतून उतरणार नाही. आणि मोटारीतून न्यायची, तर मुलगी बसलेली असताना खाली पेट्रोल टपटपतंय, शेजारी इंजिन तापलंय, हेही मला खपणार नाही. मोटार कोरडी देवासला गेली, तर खोली तुमची. नाही गेली, तर तंबूंची."

खोलीसाठी मास्तरांनी सात वर्षं अर्ज केले होते. तराजू त्यांनी स्वतः इंदूरहून मांडीवर ठेवून आणला होता, वाटेत बैलगाडी उलटली तेव्हाही सोडला नव्हता. ते "बरं" म्हणाले आणि मोटार बघायला गेले. मोटार त्यांनी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिली.

मोटार हाकायला रघुजी होता. मोटार येण्याआधी तो बग्गी हाकत असे, आणि या बदलीत त्यानं स्वतःच्या पद्धतीत फारसा फरक केला नव्हता. निघण्याआधी तो मोटारीच्या मानेवर, म्हणजे इंजिनाच्या झाकणावर, दोन थापा मारी.

"केव्हा गळते?" मास्तरांनी विचारलं.

"उभी केली की गळते मास्तरसाब. आता घोडासुद्धा उभा केला की..."

"रघुजी!" ओसरीवरून भैयासाहेब ओरडले. आत बायका होत्या.

तरीही ही माहिती मोलाची होती. मास्तरांनी वहीत लिहिलं : उभी असताना गळते. मग पेट्रोलच्या टाकीची तोटी बंद करायला सांगितली. गळणं थांबलं. तोटी उघडली. पुन्हा सुरू झालं. मास्तर जमिनीवर उताणे झाले, मोटारीखाली सरकले आणि खिशातलं घड्याळ काढून थेंब मोजू लागले. मिनिटाला एकेचाळीस. दुसऱ्यांदाही एकेचाळीस. हा नियमितपणा त्यांना फार आवडला. बाहेर त्यांचे फक्त पाय दिसत होते आणि तेवढ्यावरून इयत्ता सहावीच्या मुलांनी त्यांना ओळखलं. पंधरा मिनिटांत अर्धी शाळा वाड्यासमोर जमली. मास्तर मोटारीखाली सापडले, अशी बातमी त्यांच्या घरी गेली. घरून निरोप आला की जिवंत असतील तर येताना भाजी आणावी.

इथे त्या यंत्राबद्दल चार शब्द सांगायला हवेत. इंजिनाला पेट्रोल हवेत मिसळून देणाऱ्या भागाला कार्ब्युरेटर म्हणतात. त्याच्या एका बाजूला पितळेची वाटी असते, तिच्यात टाकीतलं पेट्रोल येतं. वाटीत एक पोकळ, बंद डबी तरंगत असते. पेट्रोल चढलं की डबी वर येते आणि ठरावीक उंचीला आली की एका चिमुकल्या तरफेनं सुई खाली दाबून पेट्रोलची वाट बंद करते. पेट्रोल उतरलं की डबी उतरते आणि वाट उघडते. ही युक्ती रघुजीकडून यंत्र उघडवून घेऊन मास्तरांनी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा ते तिथेच रमले. डबी बोटानं दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. सतरा वर्षं ते पोरांना तरंगणाऱ्या वस्तूंचा नियम फळ्यावर शिकवत होते. तोच नियम इथे पगाराशिवाय काम करत होता.

"मास्तरसाब, खेळून झालं की सांगा," रघुजी म्हणाला. "मी बिडी ओढून येतो."

"लांब जाऊन ओढ," मास्तर म्हणाले.

गळती सांध्यांतून होत असेल, हा पहिला तर्क. तो तपासायला मास्तरांनी आतून वाटीभर रांगोळी मागून घेतली आणि कार्ब्युरेटरच्या प्रत्येक सांध्यावर ती कोरडी भुरभुरवली. जिथे ओल धरेल तिथे गळती. युक्ती सोपी होती, पण रांगोळी म्हटल्यावर शेजारच्या चार बाया हळदीकुंकू घेऊन आल्या आणि मास्तरांना मोटारीला ओवाळेपर्यंत थांबावं लागलं.

त्यांच्या मागोमाग उमाशंकर वैद्य आले. त्यांनी मोटारीच्या पाइपवर तीन बोटं ठेवली. "देखो मास्टर, ये अतिसार है," ते म्हणाले. "दसरे का भोजन, ऊपर से मिरवणूक. तीन दिवस लंघन कराओ."

"म्हणजे?"

"पेट्रोल मत डालो."

उपाय खात्रीचा होता, हे मास्तरांना नाकारता येईना.

मानसिंगरावांनी मेण सुचवलं. स्वारीत पखाल फुटली की मेणानं बुजवतात, हा रिसाल्यातला अनुभव. मेण पेट्रोलमध्ये विरघळतं, असं मास्तर म्हणाले, पण ते हळू म्हणाले आणि मानसिंगराव मोठ्यानं म्हणाले. मेण लावलं गेलं. विरघळलं, आत गेलं, बारीक नळीत जाऊन थिजलं आणि मोटार शाळेच्या दारासमोर ठप्प उभी राहिली. ती बैल लावून घरी आणावी लागली. व्याह्यांचा एक माणूस नेमका त्या दिवशी धारला बाजाराला आला होता.

मग सायकलच्या दुकानदारानं रबराची चकती कापून दिली. ती दुसऱ्या दिवशी पेट्रोल पिऊन दहीवड्यासारखी फुगली. मास्तरांनी तिचा आधीचा आणि नंतरचा व्यास मोजून वहीत लिहून ठेवला. मोटारीला त्याचा उपयोग नव्हता, पण गोष्ट मनोरंजक होती. ती त्यांनी भैयासाहेबांना सांगितली, आणि भैयासाहेबांचा चेहरा पाहून अर्ध्यातच थांबवली.

या सगळ्यात रांगोळी मात्र कोरडीच राहिली होती. एकही सांधा ओला नव्हता. पेट्रोल आतून, वाटीतून इंजिनाकडे जाणाऱ्या बारीक तोंडातून, भरून वाहत होतं. म्हणजे वाटीत ते प्रमाणाबाहेर चढत होतं. म्हणजे एकतर सुई नीट बसत नव्हती किंवा डबीला भोक पडून ती बुडत होती. मास्तरांनी सुई धुतली, भिंगातून पाहिली. स्वच्छ. डबी कानाशी हलवली. आत थेंब नाही. गरम पाण्यात बुडवून धरली, भोक असलं तर हवेचा बुडबुडा यायला हवा. एकही आला नाही. डबी पांढरी शुभ्र, तुकतुकीत, निर्दोष होती. सुई निर्दोष, डबी निर्दोष, सांधे निर्दोष, आणि मिनिटाला एकेचाळीस थेंब.

मास्तरांची झोप उडाली. त्यात खोलीची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त होता तो या कोड्याचा राग.

मुंबईच्या एजंटाला त्यांनी स्वच्छ इंग्रजीत, आकृती काढून, तीन पानी पत्र लिहिलं. आठव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं. डबीचं मूळ वजन ग्रॅममध्ये डबीच्या डोक्यावर कोरलेलं असतं. तो आकडा कळवल्याशिवाय पुढील पत्रव्यवहार करता येत नाही.

पंचमीला सहा दिवस उरले होते. मानसिंगरावांची माणसं येऊन खोलीची लांबीरुंदी हातानं मोजून गेली होती.

मास्तरांनी डबी उन्हात धरली. आकडा नाही. उलटी केली. नाही. भिंग लावलं. डोक्यावर कुठेतरी एक अस्पष्ट खाच जाणवली. तिच्यात धूळ बसली असेल म्हणून त्यांनी चाकूच्या टोकानं खरवडलं. पांढरा रंग निघाला, आणि खालून पिवळं दिसलं.

मास्तर तिथेच धुळीत बसले.

"रघुजी, ही डबी कुठल्या रंगाची होती?"

"पिवळी होती की."

"होती?"

"खंडेनवमीला बग्गीचं सामान आपण पूजेला काढायचो ना, लगाम, रिकिबी, सगळं? तसं मोटारीचं जे जे सुटलं ते मी सोडवून आत दिलं, घासायला. ही पिवळी आत गेली, पांढरी होऊन बाहेर आली." रघुजीनं जरा आठवून पाहिलं. "मी म्हटलं, काय झकास घासली!"

"आणि हे तू मला इतके दिवस सांगितलं नाहीस?"

"तुम्ही गळतंय कुठून ते विचारलं मास्तरसाब. घासलं कुणी, ते कुठे विचारलं?"

वीस दिवसांत मास्तरांनी वैद्याचं ऐकलं होतं, मानसिंगरावांचं ऐकलं होतं, सायकलवाल्याचं ऐकलं होतं आणि मुंबईला पत्र लिहिलं होतं. ज्या घरात मोटार होती, त्या घराच्या माजघरात मात्र ते गेले नव्हते. हे त्यांनी वहीत लिहिलं नाही, पण मनात घेतलं.

माजघरात भैयासाहेबांच्या आई भवानीबाई रुखवताच्या भांड्यांवर नजर ठेवून बसल्या होत्या. मास्तरांनी दारातच उभं राहून डबी पुढे केली.

"ही? हिला कल्हई केली," भवानीबाई म्हणाल्या. "कल्हईवाला शालिग्राम आला होता नवमीला, त्याच्याकडून करून घेतली. वाटीला आतून आणि डबीला बाहेरून. चांगली जाड करायला लावली."

"पण... का, बाईसाहेब?"

भवानीबाईंनी त्यांच्याकडे, शिकलेल्या माणसाकडे पाहतात तसं, कीव करून पाहिलं. "पितळ आहे ना ते? उघड्या पितळेत ताक ठेवता का तुम्ही घरी? कळकतं. इथे तर पेट्रोल आठ-आठ दिवस तसंच. वास घेतलाय कधी त्याचा?"

"घेतलाय."

"मग? कळकल्याशिवाय असा वास येतो होय!"

मास्तर नमस्कार करून निघाले. जवळजवळ धावतच शाळेत गेले. खोलीच्या दारात दोन तंबू आधीच येऊन पडले होते. ते ओलांडून ते आत शिरले, आणि काचेच्या पेटीतल्या तराजूवर डबी ठेवली. खरवडलेल्या जागी आता आकडा वाचता येत होता : सत्तर. तराजू म्हणत होता शहात्तर आणि आठ दशांश. पावणेसात ग्रॅमच्या वर कथील. डबीचा घेर मोजला, गुणाकार केला. इतक्या वजनानं डबी पेट्रोलमध्ये साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त बुडणार. म्हणजे ती सुई बंद करणार तेव्हा पेट्रोल एक सूत जास्त चढलेलं असणार. वाटीतल्या पेट्रोलची ठरलेली पातळी आणि बारीक तोंड यांच्या उंचीतला फरक त्यांनी मोजला होता. तो एक सुताहून कमी होता.

गणित सुटल्यावर मास्तर एकटेच हसले. बाहेर तंबूवर झोपलेला गडी दचकून उठला.

कल्हई काढून टाकली की प्रश्न मिटत होता. पण ते भैयासाहेबांना सांगताच भैयासाहेबांनी आधी माजघराचं दार लावून घेतलं.

"मास्तर, हळू. आईनं केलेली कल्हई खरवडायची? घरात शुभकार्य असताना? तुम्ही सांगणार तिला?"

"मी?"

"मीही नाही," भैयासाहेब म्हणाले. ते संस्थानात शंभर माणसांवर हुकूम चालवत.

मास्तर पुन्हा यंत्रापाशी बसले. डबी हलकी करायची नाही, मग दुसरं काय बदलता येईल? सुईवर एक बारीक कडं होतं. डबीचा रेटा तरफेतून त्या कड्यावर पडून सुई बंद होत होती. कडं सुईवर किंचित वर सरकवलं, तर डबी खाली असतानाच सुई बंद होईल. त्यांनी कडं केसभर सरकवलं. एकोणतीस थेंब. आणखी केसभर. अकरा. आणखी. मग ते मोटारीखाली उताणे पडून घड्याळ हातात धरून थांबले. एक मिनिट. पाच मिनिटं. रांगोळी कोरडी, जमीन कोरडी.

"मेले की काय?" रघुजीनं वाकून विचारलं.

"नाही. गळत नाहीये," मास्तर म्हणाले.

मोटार पंचमीला देवासला गेली, इंदूरला थांबून, तीस कोस, थेंबही न सांडता. मास्तरांना कुणी बरोबर या म्हटलं नाही, कारण जागा नव्हती. परत आल्यावर गावाला जी हकीकत कळली ती अशी : विलायती मोटार गळत होती, मोठमोठे विद्वान हरले, शेवटी भवानीबाईंनी आतल्या भांड्यांना कल्हई करायला लावली आणि मोटार खडखडीत बरी झाली. देवासच्या व्याह्यांनाही हेच सांगण्यात आलं. कल्हई गळतीच्या आधी झाली होती, ही बाब कुणाला अडचणीची वाटली नाही.

"काम कल्हईनं झालं," मानसिंगराव म्हणाले. "मग खोली कशाला?" सोमवारी खोली रिकामी करायचं ठरलं. भैयासाहेब छताकडे बघत राहिले. खरं सांगावं तर आईकडे बोट जात होतं. मास्तरांनी तराजूला जुन्या धोतरात गुंडाळायला सुरुवात केली.

शनिवारी देवासहून तार आली. व्याह्यांनीही आपल्या मोटारीला कल्हई करून घेतली होती, खबरदारी म्हणून, दोनदा. तेव्हापासून ती गळत होती. धारचा कारागीर ताबडतोब पाठवावा.

शालिग्रामला बोलावणं गेलं. तो भाता खांद्यावर घेऊनच आला. ओसरीवर भैयासाहेब, मानसिंगराव, मास्तर, आणि दाराच्या आड भवानीबाई. शालिग्रामनं तार ऐकली आणि हात जोडले.

"सरकार, झूठ नहीं बोलूँगा. कलई मेरी, पक्की. पण गळना भी उसी से चालू हुआ. बंद तो मास्टर भिया ने किया, सुई से. मैं देवास जाऊँगा तो एक परत और चढ़ाऊँगा, मेरे को वही आता है. उनकी गाडी तो फिर नदी हो जाएगी."

सगळे दाराकडे बघत होते.

"मग त्यात एवढं गप्प होण्यासारखं काय आहे?" आतून भवानीबाई म्हणाल्या. "कल्हई बरोबरच होती. त्या फिरंग्यांना भांड्याला कल्हई करतात हेच ठाऊक नाही, त्यांनी सुई बिनकल्हईच्या मापानं बसवलेली. ती मास्तरांनी नीट केली. देवासची सुईपण तशीच असणार. भैया, त्यांची ती डबी इकडे मागव. आणि मास्तरांचा तराजू धोतरातून काढायला सांग, गंजेल."

मानसिंगराव काही बोलणार होते. भवानीबाईंनी पानाचं तबक बाहेर सरकवलं, आणि मानसिंगरावांनी विडा तोंडात घातला.

चार दिवसांनी देवासची डबी आली. मास्तरांनी ती तराजूवर ठेवली : सत्तरच्या जागी ब्याऐंशी. गडी दारातले तंबू उचलून नेत होते, त्यांचा एक दांडा खिडकीला लागला, तरी मास्तरांनी मान वर केली नाही. दोन परतींचं कथील एका परतीच्या बरोबर दुप्पट का भरत नाही, हा प्रश्न त्यांना पडला होता.

संध्याकाळी कमिटीचा ठराव घेऊन शिपाई आला. "विलायती मोटारींच्या सुया कल्हईच्या मापाने बसविण्याच्या शास्त्राकरिता सदर खोली कायम ठेवण्यात येत आहे." मास्तरांनी तो दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन, शब्दाशब्दावर थांबत. मग पेन्सिल खाली ठेवली. त्यात शास्त्रदृष्ट्या चुकीचं असं त्यांना काहीच सापडलं नाही.